यंत्रबुद्धी, शिक्षण आणि स्त्रियांचे कार्य

(शिक्षक, शिक्षण खात्यातील अधिकारी आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेत नवे साधन आले की त्याचे उत्साहाने स्वागत करावे, ही आपल्याकडील रीत आहे. खडू-फळ्यापाठोपाठ नकाशे आले, आकाशवाणी संच आला, दूरचित्रवाणी आली, पुढे संगणक आला. ही सर्व साधने शिक्षकाच्या हाताखाली राहिली. नकाशाने कोणा विद्यार्थ्याला नापास केले नाही, की आकाशवाणी संचाने कोणाची गैरहजेरी मांडली नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता या नावाने आज जे साधन शाळेच्या दाराशी आले आहे, त्याचे स्वरूप मात्र निराळे आहे. ते उत्तरपत्रिका तपासते, चेहरा पाहून हजेरी लावते, कोणता विद्यार्थी शाळा सोडण्याचा संभव आहे याचे भाकीत करते आणि प्रसंगी शिक्षकाचेही मूल्यमापन करते. थोडक्यात, ते निर्णय देते. जेथे निर्णय आहे, तेथे न्याय-अन्यायाचा प्रश्न उपस्थित होणारच.

हा प्रश्न पुराव्यानिशी जगापुढे मांडण्याच्या कामी स्त्रियांनी जो पुढाकार घेतला, त्याची योग्य ती नोंद घेणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०१८ सालच्या अहवालानुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण अवघे २२ टक्के होते. संख्येने अल्प असलेल्या या वर्गातून नैतिकतेचा आग्रह धरणाऱ्या इतक्या व्यक्ती पुढे याव्यात, ही लक्षणीय गोष्ट होय. या कार्यात पुरुष संशोधकांचाही वाटा आहे. परंतु स्त्रियांच्या वाट्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, आणि ती केवळ हारतुऱ्यांनी घेतली जाणारही नाही.

शिक्षकांच्या मूल्यमापनाचा धडा

प्रथम अमेरिकेतील गणितज्ञ कॅथी ओ'नील यांच्या कार्याकडे वळू. हार्वर्ड विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्यांनी काही काळ वित्तक्षेत्रात नोकरी केली. गणिती सूत्रांच्या आधारे घेतलेले निर्णय सामान्य माणसावर कसे आघात करतात, हे तेथे जवळून पाहिल्यावर त्यांनी २०१६ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात शाळेचे उदाहरण प्रारंभीच येते, हे शिक्षकवर्गाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

वॉशिंग्टन शहरात २००९ साली शिक्षकांच्या मूल्यमापनाची एक नवी पद्धत सुरू झाली. विद्यार्थ्याला मागील वर्षी मिळालेल्या गुणांवरून यंदा त्याला किती गुण मिळावयास हवेत, याचा अंदाज सूत्राने बांधावयाचा; प्रत्यक्ष गुण आणि हा अंदाज यांतील फरकाचे श्रेय किंवा अपश्रेय शिक्षकाच्या पदरी टाकावयाचे, हा त्या पद्धतीचा एक महत्त्वाचा भाग होता. या मूल्यमापन पद्धतीनुसार २०११ साली २०६ शिक्षकांना सेवेतून कमी करण्यात आले.

ओ'नील यांचा आक्षेप साधा आहे. एका वर्गात पंचवीस-तीस मुले असतात. एवढ्या लहान गटाच्या गुणांत होणारा चढउतार शिक्षकामुळेच झाला, असे ठामपणे म्हणता येत नाही. घरातील आजारपण, वडिलांची गेलेली नोकरी, मुलाचे बदललेले बिऱ्हाड यांची नोंद सूत्रात नसते. शिवाय मागील इयत्तेत कोणी गुण फुगवून दिले असतील, तर पुढील इयत्तेच्या प्रामाणिक शिक्षकाच्या माथी अपयश येते. याहून गंभीर गोष्ट अशी की, सूत्र नेमके कसे चालते हे त्या शिक्षकांना कोणी उलगडून सांगू शकत नव्हते. गुप्तता, व्याप्ती आणि हानी ही अशा घातक सूत्रांची तीन लक्षणे ओ'नील यांनी सांगितली आहेत. एखाद्या मुख्याध्यापकाच्या पूर्वग्रहाचा फटका एका शाळेला बसतो. सूत्रातील पूर्वग्रहाचा फटका एकाच वेळी संपूर्ण शहराला बसतो.

चारच वर्षांनी या इशाऱ्याचे प्रत्यंतर इंग्लंडमध्ये आले. २०२० साली महामारीमुळे तेथील शालान्त स्तरावरील परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची अपेक्षित श्रेणी आणि वर्गातील क्रम कळविला. मात्र अंतिम श्रेणी ठरविताना गणनपद्धतीने शाळेच्या पूर्वीच्या निकालांना मोठे वजन दिले. १३ ऑगस्ट रोजी निकाल लागला, तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणीपेक्षा खाली आल्या होत्या. ज्या शाळेचा पूर्वेतिहास सामान्य, तेथील हुशार मुलगी आपल्या शाळेच्या इतिहासाला बांधली गेली. याउलट अगदी लहान तुकड्यांना शिक्षकांचीच श्रेणी मान्य झाली, आणि अशा तुकड्या शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळांत अधिक होत्या. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्ट रोजी ही पद्धत मागे घ्यावी लागली. सूत्र तयार करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गुणांची भरमसाट वाढ रोखावी, एवढाच त्यांचा उद्देश होता. तथापि हेतू शुद्ध असला म्हणजे परिणाम न्याय्य होतोच असे नाही.

चेहरा कोणाचा ओळखला जातो?

दुसरे नाव डॉ. जॉय ब्युलामविनी यांचे. घानावंशीय असलेल्या ब्युलामविनी अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेत शिकत असताना त्यांना एक विलक्षण अनुभव आला. चेहरा टिपणारी संगणकप्रणाली त्यांचा सावळा चेहरा टिपेना. पांढरा मुखवटा चढविल्यावर मात्र तिने तो तत्काळ टिपला. हा अनुभव त्यांनी शास्त्रीय कसोटीवर तपासला. टिमनिट गेब्रू या इथियोपियात जन्मलेल्या संशोधिकेसमवेत त्यांनी आफ्रिका व युरोप खंडांतील सहा देशांच्या १,२७० संसद सदस्यांची छायाचित्रे जमविली आणि चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली पारखल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार गौरवर्णीय पुरुषांच्या बाबतीत चुकीचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. यंत्राला शिकविण्यासाठी वापरलेल्या छायाचित्रांत ज्यांचे चेहरे कमी, त्यांच्या वाट्याला चुका अधिक, हे त्याचे मुख्य कारण.

या अभ्यासाचे फलितही सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी इनिओलुवा डेबोरा राजी आणि ब्युलामविनी यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्या तीनही कंपन्यांच्या प्रणालींतील चुका लक्षणीय प्रमाणात घटलेल्या आढळल्या. उघड तपासणीने सुधारणा होते, हे त्यातून सिद्ध झाले.

चूक दुरुस्त झाली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. उत्तर स्वीडनमधील एका शाळेत २०१८ साली २२ विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेद्वारे घेण्यात आली. विद्यार्थ्यांची संमती घेतली होती, असे सांगण्यात आले. तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०१९ साली स्थानिक संस्थेला दोन लाख क्रोनर दंड केला. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, म्हणून त्याने दिलेली संमती मुक्त मानता येत नाही. शिवाय जी हजेरी पट वाचून घेता येते, तिच्यासाठी मुलाच्या चेहऱ्याची नोंद ठेवणे आवश्यक नाही, असा निर्णयाचा आशय होता. ज्या गावात शिक्षकाच्या शब्दाला पालक सहसा नाही म्हणत नाहीत, तेथे हा मुद्दा किती मोलाचा आहे, हे सांगावयास नको.

सत्य बोलण्याची किंमत

टिमनिट गेब्रू यांच्या कार्याचा आणखी एक पैलू आहे. मजकूर लिहून देणाऱ्या प्रचंड भाषायंत्रांच्या धोक्यांविषयी त्यांनी एमिली बेंडर, मार्गारेट मिचेल आणि अँजेलिना मॅकमिलन-मेजर यांच्यासह एक निबंध सिद्ध केला. ही यंत्रे ओघवती वाक्ये रचतात, पण त्यामागे अर्थाचे ज्ञान नसते. ज्या लिखाणावर ती पोसली जातात त्यातील पूर्वग्रह ती उचलतात, असे त्यात प्रतिपादन होते. या निबंधावरून निर्माण झालेल्या वादात डिसेंबर २०२० मध्ये गेब्रू यांची गूगल कंपनीतील नोकरी संपुष्टात आली. आपल्याला काढून टाकले, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने तो राजीनामा मानला. निबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी गेब्रू यांनी स्वतःची स्वतंत्र संशोधन संस्था उभारली.

त्यांनी दिलेला इशारा शाळेच्या दृष्टीने किती खरा आहे, हे युनेस्कोच्या मार्च २०२४ मधील अभ्यासातून दिसले. तपासलेल्या भाषायंत्रांपैकी एकाने रचलेल्या मजकुरात घरकाम करणारी व्यक्ती म्हणून स्त्रीचे चित्रण पुरुषाच्या चौपट वेळा आढळले. पाठ्यपुस्तकांतील चूल आणि मूल यांची चित्रे बदलण्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे प्रयत्न झाले. ती चित्रे पुस्तकातून जावीत आणि यंत्राने तयार केलेल्या स्वाध्यायातून परत यावीत, हे परवडणारे नाही.

शिक्षणाचे उद्दिष्ट प्रथम

लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापिका राहिलेल्या रोझ लकिन यांचे कार्य प्रत्यक्ष शिक्षणशास्त्राशी निगडित आहे. त्या या साधनाच्या विरोधक नाहीत. उलट योग्य रीतीने वापरल्यास शिक्षकाचा भार हलका होईल, असे त्या मानतात. २०१८ साली सर अँथनी सेल्डन आणि भारतीय वंशाच्या उद्योजिका प्रिया लखानी यांच्यासह त्यांनी शिक्षणातील नैतिक कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एक संस्था स्थापन केली. या संस्थेने २०२१ साली जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात समन्याय, विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य, खाजगीपणा, पारदर्शकता व उत्तरदायित्व यांसारखी नऊ उद्दिष्टे मांडली आहेत. त्यांतील पहिले उद्दिष्ट असे की, साधनाचा वापर सुस्पष्ट शैक्षणिक हेतूसाठीच व्हावा. साधन उपलब्ध आहे म्हणून हेतू शोधावयाचा नाही, तर हेतू ठरवून मग साधन निवडावयाचे आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नाहीत, हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, माती अशा परिसरातील वस्तूंपासून शैक्षणिक साधने घडविली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मूल साधनाच्या मापाचे व्हावे, अशी अपेक्षा त्यांनी कधी धरली नाही. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. पण त्यांचा खरा गौरव गावोगावच्या अंगणवाडीत त्यांचा विचार रुजला, यातच आहे.

भाषेचा प्रश्न आणि अनाम वाटा

यंत्रबुद्धी भाषेवर पोसली जाते आणि सर्व भाषांना तिच्या पंगतीत सारखे पान मिळत नाही. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्रातील कलिका बाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली जगातील भाषांची उपलब्ध संगणकीय साधनांनुसार सहा वर्गांत वर्गवारी केली. सर्वांत संपन्न वर्गात केवळ सात भाषा होत्या. तपासलेल्या भाषांपैकी सुमारे ८८ टक्के भाषा तळाच्या वर्गात होत्या. आदिवासी पाड्यावरील मुलाची घरची बोली यंत्राला कळली नाही, तर बोलून उत्तर देण्याच्या चाचणीत ते मूल मागे पडेल, आणि दोष मात्र मुलाच्या नावावर लिहिला जाईल.

याच संदर्भात मराठीशी थेट संबंध असलेला एक प्रयोग उल्लेखनीय आहे. कलिका बाली, सुनयना सीताराम, मुंबईच्या आयआयटीतील प्रीती ज्योती आणि त्यांचे सहकारी यांनी मराठी बोलीचे ध्वनिमुद्रण कोणाकडून करून घ्यावे, असा प्रश्न विचारला. एरवी हे काम शहरातील सुशिक्षितांकडे जाते. त्यांनी अल्प उत्पन्न गटातील ग्रामीण रहिवासी, अल्प उत्पन्न गटातील शहरी रहिवासी आणि विद्यापीठातील विद्यार्थी असे तीन गट घेतले. एकूण ३६ व्यक्तींनी १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण केले. अल्प उत्पन्न गटांतील लोकांच्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा ठरला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे महत्त्व दुहेरी आहे. ग्रामीण उच्चार यंत्रापर्यंत पोहोचतात आणि हातावर पोट असलेल्या माणसाला त्याच्या भाषेचा मोबदला मिळतो. यंत्राची बुद्धी म्हणून जी गौरविली जाते, तिच्या पायाशी अशा अनेकांचे वाचन आणि बोलणे असते. त्यांची नावे कोठेही छापली जात नाहीत. नैतिकतेची गणना करताना हा वाटाही धरला पाहिजे.

शेजारच्या गोव्यातून काम करणाऱ्या उर्वशी अनेजा यांनीही तंत्रज्ञानाचा समाजावरील परिणाम भारतीय परिस्थितीत अभ्यासण्याचे कार्य चालविले आहे.

तत्त्वांपासून ठरावापर्यंत

या सर्व प्रयत्नांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिकतेविषयी युनेस्कोने तयार केलेली शिफारस १९३ सदस्य राष्ट्रांनी स्वीकारली. हे काम मेक्सिकोच्या गॅब्रिएला रामोस यांच्या नेतृत्वाखाली चालले होते. या शिफारशीत शिक्षण आणि स्त्री-पुरुष समानता या दोहोंसाठी स्वतंत्र विभाग आहेत. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणासाठी वेगळे मार्गदर्शन प्रसिद्ध करून, मजकूर निर्माण करणारी यंत्रे वर्गात वापरण्यास १३ वर्षे ही किमान वयोमर्यादा सुचविली. आपल्या देशात २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानून त्याच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. शिक्षणसंस्थांना काही प्रयोजनांपुरत्या सवलती असल्या, तरी विश्वस्ताची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

आता प्रश्न उरतो तो ही तत्त्वे गावापर्यंत आणण्याचा. त्यासाठी नवी समिती नेमण्याची गरज नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज्य संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. म्हणजे ज्या स्थानी हे प्रश्न विचारले जावेत, त्या स्थानी कायद्यानेच स्त्रिया बसविल्या आहेत. अनेक ठिकाणी त्यांचे काम सहीपुरते राहते, ही खेदाची गोष्ट होय. यंत्राविषयी आपल्याला काय कळणार, असा संकोच त्यांनी बाळगण्याचे कारण नाही. वर उल्लेखिलेल्या विदुषींनी विचारलेले प्रश्न तांत्रिक कमी आणि व्यवहारी अधिक आहेत. आपल्या मुलाचे काय होणार, हे विचारण्यास पदवी लागत नाही.

शाळेसाठी असे कोणतेही साधन घेण्यापूर्वी, मग ते विकत असो वा देणगीदाखल, समितीने पुढील गोष्टी विचारून त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत.

१. या साधनाने मुलांच्या शिकण्यातील नेमकी कोणती अडचण दूर होणार आहे? ती अन्य साध्या मार्गाने दूर होण्यासारखी नाही काय?

२. ते कोणाच्या माहितीवर शिकविले गेले आहे? आपल्या भागातील मुलांवर, त्यांच्या बोलीवर आणि विशेषतः मुलींवर त्याची चाचणी घेतली आहे काय?

३. मुलांची कोणती माहिती घेतली जाईल, ती कोठे राहील, कोणाला दिली जाईल आणि केव्हा नष्ट केली जाईल? पालकाने नकार दिल्यास त्याच्या मुलाची गैरसोय तर होणार नाही?

४. निर्णय चुकल्यास तो बदलण्याचा अधिकार कोणत्या माणसाला आहे? त्याचे नाव, हुद्दा आणि दाद देण्याची मुदत कोणती?

चौथा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. वॉशिंग्टनमधील शिक्षकांना दाद मागण्यासाठी जबाबदार माणूस सापडत नव्हता. एखाद्या मुलीचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीतून गळाले आणि संगणकाने गाळले एवढेच उत्तर तिच्या आईला मिळाले, तर त्या उत्तराने शासनाची जबाबदारी पार पडत नाही. संगणक हा कोणत्याही कार्यालयाचा प्रमुख नाही. निर्णयाखाली सही माणसाचीच असली पाहिजे आणि सही करणाऱ्याने तो निर्णय समजावून सांगता आला पाहिजे.

अधिकाऱ्यांनी खरेदीच्या अटींत या चार बाबींचा अंतर्भाव करावा. शिक्षकांनी यंत्राने दिलेला गुण अथवा शेरा मुलाच्या नोंदीत उतरविण्यापूर्वी स्वतः तपासावा, आणि तो पटला नाही तर बदलण्यास कचरू नये. पंचायतीच्या सदस्यांनी, विशेषतः भगिनींनी, शाळेच्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घेण्याचा आग्रह धरावा.

ओ'नील, ब्युलामविनी, गेब्रू, लकिन, बाली आणि त्यांच्या सहकारी यांची छायाचित्रे शाळेच्या भिंतीवर लागली, तर ते उचितच होईल. मुलींना त्यातून प्रेरणा मिळेल. परंतु त्यांचे कार्य पुढे चालावयाचे, तर त्यांच्या प्रश्नांची उत्तरे शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात उमटली पाहिजेत. समितीच्या येत्या बैठकीत तशी पहिली नोंद व्हावी, एवढीच विनंती करून हे विवेचन येथे पूर्ण होत आहे.